बडोद्यातल्या मराठी मंडळांना खुले पत्र : एका रात्रीच्या मुक्कामाला जागा द्या

बडोद्यातील सर्व मराठी मंडळे, देवस्थाने आणि विश्वस्त निधी यांच्या पदाधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. जन्म दांडिया बाजारातला, शाळा रावपुऱ्यातली. नोकरीचा बहुतेक काळ बडोदे–डभोई–बोडेली–छोटाउदेपूर या रस्त्यावर गेला, अधूनमधून कवांट आणि नसवाडीची ड्यूटी. २०१८ मध्ये निवृत्त झालो. आपल्यापैकी एका मंडळाचा मी तीस वर्षांपासून साधा सभासद आहे. व्यासपीठावर कधी चढलो नाही. आज लिहितो आहे, कारण जे मागायचं आहे ते मी वार्षिक सभेत दोनदा तोंडी मागितलं आणि दोन्ही वेळा ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ एवढंच उत्तर मिळालं.

मागणी आधीच सांगून टाकतो. आपल्या संस्थांकडे सभागृहं आहेत, त्यांना लागून खोल्या आहेत. वर्षातले कितीतरी दिवस त्या बंद असतात. त्यातल्या काही खोल्या लांबून दवाखान्यात येणाऱ्या माणसांना एक-दोन रात्रींच्या मुक्कामाला द्याव्यात. हे का मागतो आहे, ते सविस्तर लिहितो.

बडोद्याकडे येणाऱ्या सकाळच्या गाडीत दवाखान्याचे उतारू कोणते, हे मला तिकीट मागायच्या आधीच कळायचं. एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत, केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत दुमडून ठेवलेला, आणि दोघा-तिघांत मिळून एक पांघरूण. बायका पाणी प्यायच्या नाहीत. वाटेत जायला जागा नसते म्हणून पहाटेपासून तोंड कोरडं ठेवायचं, ही त्यांची रीतच होऊन गेलेली. एकदा एका पोरीला मी बाटली पुढे केली, तर तिच्या आईनेच हात आडवा धरला.

डभोईपर्यंत काळी सपाट जमीन. बोडेलीनंतर ओरसंगचं वाळूचं रुंद पात्र दिसायला लागतं, मग ताड आणि मोहाची झाडं, मग टेकड्या. नकाशावर कवांट बडोद्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण माझ्या उतारूचा प्रवास कवांटच्या स्टँडवर सुरू होत नसे. राठवा आदिवासींचं गाव आपल्या गावासारखं एका जागी वसलेलं नसतं. ज्याचं घर त्याच्या शेतात, प्रत्येक टेकाडावर एक फळिया, म्हणजे छोटी वस्ती, दोन फळियांच्या मधे एखादा ओहोळ. सरकारी कागदावर ‘गाव पक्क्या रस्त्याने जोडलं’ असं लिहिलं, तर एवढंच समजायचं की त्यातली एक फळिया जोडली गेली. बाकीच्यांनी पहाटे चारला निघून डांबरीपर्यंत चालायचं, तिथून जीप किंवा छकडा, मग आमची गाडी. बडोद्याला उतरेपर्यंत साडेदहा-अकरा वाजलेले. केसपेपर काढा, रांगेत थांबा, डॉक्टर तपासणार, रक्त द्यायला सांगणार. आणि मग खिडकीतून दोन शब्द येणार : ‘काले आवजो.’

उद्या या.

हे दोन शब्द म्हणणारा माणूस वाईट नसतो. रिपोर्ट खरोखरच दुसऱ्या दिवशी येतो, सोनोग्राफीची यादी खरोखरच भरलेली असते. रावपुऱ्यातल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणजे दहा रुपयांची रिक्षा. तेच शब्द कवांट तालुक्यातल्या तुरखेड्याच्या माणसाला ऐकवले की ते अडीचशे किलोमीटरचे होतात. वर दोन माणसांची आणखी एका दिवसाची मजुरी, आणि घरी गुरं कोणी सोडायची हा प्रश्न. त्याने दोनच गोष्टी केलेल्या मी पाहिल्या आहेत. एक तर तो दवाखान्याबाहेरच्या फुटपाथवर नाहीतर स्टँडच्या बाकावर रात्र काढतो. नाहीतर संध्याकाळच्या गाडीत येऊन बसतो. ‘रिपोर्ट मिळाला का?’ विचारलं की मान हलवतो, आणि तो रिपोर्ट घ्यायला परत कधीच येत नाही. परतीच्या गाडीत असे किती अर्धवट राहिलेले इलाज मी घरी पोचवले, त्याची नोंद कुठल्याच वेबिलात नाही.

आयुष्मान कार्डाने मोठं काम केलं, हे मी नाकारत नाही. २०१८ पासून ऑपरेशनचा खर्च ऐकून माणसं उठून जायची थांबली. ते कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, म्हणून मध्य प्रदेशातल्या अलिराजपूरचा माणूस इथे दाखल होऊ शकतो. पण सोबत आलेल्याने रात्र कुठे काढायची, आणि दाखल न करता नुसतं ‘उद्या या’ सांगितलेल्याने काय करायचं, ही गोष्ट कुठल्याच कार्डात बसत नाही.

डोंगराळ भागाला सरकारने वेगळं माप लावलं आहे, हेही खरं. सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० मागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० ऐवजी २०,००० मागे. माप डोक्यांवर आहे. चढ, ओहोळ आणि पावसाळा त्यात मोजलेले नाहीत. रावपुऱ्यात ३,००० माणसं दोन-चार गल्ल्यांत मावतात. कवांटच्या डोंगरात तेवढ्यांना भेटायचं तर आशा सेविकेला किती टेकाडं चढावी लागतात, ते एकदा तिच्यामागे चालून बघावं.

आजारसुद्धा जमीन बघून येतो, हे मला फार उशिरा उमगलं. कवांटकडे अंबाडुंगरला फ्लोरस्पार सापडतो, म्हणजे फ्लोराइडचा दगड. असा दगड जिथे भूगर्भात असतो तिथे तो पाण्यात विरघळतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की आधी मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात आणि पुढे वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर सांधे आखडतात, हाडं वाकतात. गाडीची पायरी चढताना जे गुडघे मला म्हातारे वाटायचे, ती माणसं म्हातारी असतीलच असं नाही.

सिकलसेलचंही तसंच. ज्या जंगलपट्ट्यात पिढ्यानपिढ्या हिवताप होता, तिथे हा दोष रक्तात टिकला. कारण आईबापांपैकी एकाकडूनच तो आला तर हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं. दोघांकडून आला की मूल आयुष्यभराचं दुखणेकरी. लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि अंगभर कळा उठतात. या कळा कशाने उठतात? अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, फार श्रम झाले की उठतात. आता पहाटे चारची थंडी आठवा, दोन तासांची चाल आठवा, आणि बाटलीपुढे आडवा आलेला तो आईचा हात आठवा. त्या पोरीला कोणता आजार होता मला माहीत नाही. पण ती सिकलसेलची असेल, तर आमच्या गाडीतला प्रवासच तिचा आजार वाढवत होता. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तपासण्या वाढल्या, गोळ्या मिळू लागल्या. तरी तपासणीनंतर पुन्हा पुन्हा यावं लागतंच, आणि येण्याचा रस्ता तोच आहे.

अलिराजपूर-झाबुआकडच्या मजुरांचं दुखणं आणखी निराळं. ते गोध्रा-बालासिनोरकडे गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले आणि फुफ्फुसांत धूळ भरून घरी परतले. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली. आजार एका राज्यात लागला, मरण दुसऱ्या राज्यात आलं.

हाफेश्वरजवळ नर्मदेवर तीन राज्यांच्या सीमा जवळ येतात. सरदार सरोवराचं पाणी मागे चढलं, तेव्हापासून नकाशावर समोर दिसणारं गाव होडीशिवाय गाठता येत नाही. पलीकडच्या काठावर नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा आणि धडगाव तालुके. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० मध्ये स्वतः होडी वल्हवत गरोदर बायकांपर्यंत आणि तान्ह्या मुलांपर्यंत पोचत होत्या. त्यांची बातमी आपण सगळ्यांनी वाचली, मोबाइलवर एकमेकांना पाठवलीही. त्याच पट्ट्यातली माणसं आजार वाढला की कधी नंदुरबारला जातात, कधी सुरतेला, कधी आपल्याकडे येतात. आणि इथे आल्यावर त्यांना जे अडतं, ते आपल्याइतकं कोणालाच सोडवता येणार नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. धडगावकडचे एक आजोबा नातवाबरोबर परत निघाले होते. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारे, शाळा चौथीपर्यंत झालेली, पण मराठीतून. औषधांच्या पाकिटांवर गुजरातीत लिहिलेलं. त्यांनी एक पाकीट माझ्यापुढे धरलं. मी वाचून सांगितलं, ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.’ ‘दादा, तुम्ही मराठी?’ एवढं म्हणून त्यांनी पिशवीतून पाचही पाकिटं काढली आणि प्रत्येकावर माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं. गाडी हलत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं. पाचांतलं एक पाकीट ते सकाळपासून चुकीच्या वेळी घेत होते. आपल्या मंडळांत गणेशोत्सवाला निबंधस्पर्धा होतात, वक्तृत्वस्पर्धा होतात, आणि माझी नातवंडं त्यांत बक्षिसं आणतात. मराठी टिकवण्याची आपल्याला कळकळ आहे. दवाखान्याच्या औषधखिडकीपाशी रोज दोन तास मराठी वाचून दाखवणारा एक माणूस बसवला, तर ती भाषा तिथे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी पत्नीखेरीज कोणाला सांगितलेली नाही. नव्वदच्या दशकातला श्रावण होता. कवांटकडून परतीची शेवटची गाडी. एका ओहोळापाशी पलीकडून चार-पाच माणसं झोळी घेऊन उतरताना दिसली. बांबूला बांधलेली चादर, आत बाई. त्यांनी हात केला. ड्रायव्हरने गाडी थांबवली. ओहोळाला लोंढा आला होता, ते पलीकडे उभे राहिले, आम्ही अलीकडे. वीस मिनिटं थांबलो. पाणी चढतच होतं आणि पुढचा मोरी-पूल बुडण्याआधी निघणं भाग होतं, गाडीत पन्नास माणसं होती. मी घंटी दिली. त्या बाईचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. नंतर कितीदा तरी त्या वळणावर मी उतारूंना विचारलं, पण कोणती फळिया, कोणाची बाई, हेच मला सांगता येत नव्हतं.

हे जुनं झालं, आता रस्ते झाले, १०८ रुग्णवाहिका आली, असं कोणी म्हणेल. २००७ पासून गुजरातेत १०८ धावते आणि तिने असंख्य जीव वाचवले, मी स्वतः तिला वाट करून दिली आहे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये कवांट तालुक्यातल्याच तुरखेड्यात एका गरोदर बाईला गाडीपर्यंत झोळीतून न्यावं लागलं. ती वाटेतच बाळंत झाली आणि वाचली नाही. गुजरात उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो, असं मला एका परिचारिकेने सांगितलं होतं. दोन तास म्हणजे किती, हे ओहोळाच्या कुठल्या काठाला आपण उभे आहोत त्यावर ठरतं.

आपल्याला हे परकं वाटत असेल, तर ऑगस्ट २०२४ आठवा. मी आता मुलाकडे समा भागात राहतो. माझ्या पत्नीला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं : मंगळवार, गुरुवार, शनिवार. गोकुळाष्टमीच्या सोमवारी पाऊस सुरू झाला तो थांबेना. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं. मंगळवारी गल्लीत कमरेइतकं पाणी, रिक्षा नाही, वीज नाही, आणि जिथे डायलिसिस होतं त्या इमारतीच्याच तळमजल्यात पाणी. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पाणी मोजून प्या, केळं नको, नारळपाणी नको. बुधवारी रात्री तिला आडवं होता येईना, धाप लागायची, उशीला टेकून बसून राहिली. चहूकडे पाणी, आणि तिला घोटाघोटाने मोजून द्यायचं. गुरुवारी संध्याकाळी एका ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला बाहेर काढलं आणि दुसऱ्या केंद्रावर रात्री उशिरा तिचा नंबर लागला. ते केंद्र आमच्या घरापासून सहा किलोमीटरवर आहे.

ती आता बरी आहे. त्या रात्री घरी आल्यावर ती म्हणाली, ‘कवांटच्या बायकांचं वर्षभर हेच असतं ना?’ मी हो म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाली, ‘दांडिया बाजारातली आपली माडी रिकामीच आहे.’

हे पत्र तिच्या त्या वाक्यातून आलं आहे.

महाराष्ट्रात आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात ‘माहेरघर’ असतं. दिवस भरत आलेली बाई चार-पाच दिवस आधी तिथे येऊन राहते, म्हणजे कळा सुरू झाल्यावर ओहोळ ओलांडावा लागत नाही. योजनेला नाव किती नेमकं दिलं आहे! बडोद्यात सयाजी हॉस्पिटल आहे, मध्य गुजरात आणि शेजारच्या राज्यांतून अवघड केसेस तिथे पाठवतात. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा हे सगळं तिथून हाकेच्या अंतरावर, आणि आपले बरेच वाडे, मंदिरं आणि सभागृहं याच पट्ट्यात आहेत. ज्या बाईला डॉक्टरांनी ‘बाळ आडवं आहे, इथेच जवळ राहा’ सांगितलं आहे, तिला राहायला जागा हवी. सिकलसेलच्या मुलाला तपासणीला घेऊन आलेल्या आईबापांना एक रात्र हवी. आतड्याचं ऑपरेशन झालेल्याला टाके काढायला आठ दिवसांनी यायचं असतं, तो आठ दिवस इथेच राहिला तर टाके वेळेवर निघतील.

अडचणी मला ठाऊक आहेत. लग्नसराईत सभागृह भाड्याने जातं आणि त्याच पैशावर वर्षाचे कार्यक्रम होतात, तेव्हा लग्नाच्या तारखा सोडून द्या, किंवा सभागृहाला हात न लावता मागच्या दोन खोल्या द्या. काही निधींच्या घटनेत ‘मराठी भाषिकांच्या हितासाठी’ असं लिहिलं आहे, त्यात दुरुस्ती करता येते, आणि ती करताना वाद होणार असेल तर धडगावच्या माणसांपासून सुरुवात करा, तिथे घटनेची अडचणच नाही. क्षयासारखा संसर्ग असलेल्या रुग्णाला सामायिक खोलीत ठेवता येणार नाही, हे मीही म्हणतो. म्हणून कोणाला पाठवायचं ते दवाखान्यातल्या समाजसेवकाच्या चिठ्ठीवर ठरू दे. रात्री काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे आधी लेखी ठरवा आणि दाराशी १०८ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. एक गोष्ट मात्र अटीत घालू नका : जेवण आमच्या पद्धतीचंच, असं म्हणू नका. ते मक्याचं पीठ सोबत आणतात. एक शेगडी द्या, रोटला त्यांचा त्यांना थापू द्या.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१वं साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं. बाहेरगावचे रसिक आले, तेव्हा मुक्कामाची सोय करताना कोणी ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ म्हणालं नाही. गाद्या कुठून आणायच्या, आंघोळीच्या पाण्याचं काय, रात्री उशिरा येणाऱ्याला कुलूप कोण उघडून देणार, हे सगळं आपल्याला येतं. ही कला बडोद्याच्या मराठी माणसाच्या अंगात आहे.

माझ्याकडून दोन गोष्टी. जिथे जागा मिळेल तिथे एसटी आणि रेल्वेच्या वेळांचा फळा मी लिहीन आणि वेळा बदलल्या की बदलेन. २०१९ पासून प्रतापनगरहून अलिराजपूरपर्यंत रेल्वे जाते, हे अजून कितीतरी जणांना माहीत नाही, ते जीपला दुप्पट पैसे देतात. आणि दुसरं : दांडिया बाजारातली आमची माडी मी झाडून, रंग देऊन ठेवली आहे. दोन खाटा, एक माठ, एक शेगडी, दाराला आतून कडी. किल्ली खालच्या भाडेकरूंकडे आहे आणि त्यांची तयारी आहे. पण जिना जुना, उभा, सतरा पायऱ्यांचा आहे. टाके पडलेल्या माणसाला तो चढवणार नाही, नऊ महिने भरलेल्या बाईला तर नाहीच. तळमजल्यावरच्या खोल्या तुमच्याकडे आहेत.

आपला,
एक निवृत्त एसटी कंडक्टर
दांडिया बाजार, बडोदे